चीक, वृद्धिघटक आणि वासराचे आतडे

गाय किंवा म्हैस व्याल्यानंतर पहिले काही दिवस जे दाट, पिवळसर दूध येते त्याला चीक म्हणतात. त्यात थोडे साधे दूध, गूळ किंवा साखर आणि वेलची घालून वाफवले की खरवस होतो. पनवेल तालुक्यातल्या रोडपालीत कळंबोलीच्या इमारती उभ्या राहण्याआधी भातशेती होती, आणि शेतीबरोबर गोठेही होते. नवी मुंबईसाठी या भागातल्या जमिनी गेल्या तसे गोठेही आटले. खरवसाची हौस मात्र आटली नाही. फरक एवढाच, की आता चीक शेजारच्या गोठ्यातून लोटीत येत नाही, दूधवाल्याकडून किंवा डेअरीच्या काउंटरवरून पिशवीत येतो. गोठ्यातून चीक येई तेव्हा वासरूही समोर दिसे. पिशवीबरोबर ते दिसत नाही.

त्या वासराला किती चीक मिळायला हवा? गावातले पशुवैद्यक साधारण एकच उत्तर देतात: व्याल्यापासून तासाभरात पाजायला सुरुवात करा, आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या एक दशांश चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. कारण चिकात प्रतिद्रव्ये असतात आणि वासराचे आतडे ती फक्त पहिल्या दिवसातच रक्तात घेऊ शकते. हे उत्तर बरोबर आहे, पण पुरे नाही. त्यावरून पुष्कळांचा असा समज होतो, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा वासराला उपयोग नाही आणि तो सगळा खरवसाला मोकळा. चिकात प्रतिद्रव्यांखेरीज आणखी एक गोष्ट असते. तिला वृद्धिघटक किंवा ग्रोथ फॅक्टर म्हणतात, आणि तिचे काम पहिल्या दिवसानंतरही चालू असते. पुढे आयुष्यभर जे आतडे गवत, पेंड आणि कडबा यांतले सत्त्व शोषून घेणार, त्याची बांधणी या दिवसांत होत असते.

आतडे म्हणजे नुसती नळी नव्हे

मोठ्या गाईचे लहान आतडे सुमारे ४० मीटर लांब असते. पण अन्नशोषण लांबीपेक्षा पृष्ठभागावर अवलंबून असते, आणि पृष्ठभाग वाढवण्याची सोय आतल्या अस्तरात आहे. हे अस्तर मखमलीसारखे असते. त्यावर बोटांसारखे उंचवटे असतात, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे. त्यांना रसांकुर म्हणतात. प्रत्येक रसांकुर पेशींच्या एका थराने मढवलेला असतो, आणि त्या प्रत्येक पेशीच्या माथ्यावर ब्रशच्या केसांसारखे हजारो सूक्ष्मरसांकुर असतात. साखर, अमिनो आम्ले, क्षार, जीवनसत्त्वे, सगळे या केसांतूनच आत जाते.

ही मखमल कायमची विणलेली नसते. रसांकुरांच्या पायथ्याशी लहान खळग्या असतात. त्यांतल्या मूलपेशी सतत विभागत राहतात, नव्या पेशी वर सरकतात, सरकता सरकता पक्व होतात, टोकाला पोचून काही काळ काम करतात आणि गळून पडतात. बहुतेक सस्तन प्राण्यांत हा प्रवास तीन ते पाच दिवसांचा असतो. म्हणजे आज ज्या आतड्याने अन्न शोषले त्याचे अस्तर पुढच्या आठवड्यात बव्हंशी नवे असते.

पेशी तयार होण्याचा वेग गळण्याच्या वेगापेक्षा जास्त असला तर रसांकुर उंच होतात, कमी असला तर आखूड होतात. काही दिवस उपास घडला, किंवा जनावराला तोंडाने काहीच न देता शिरेतून पोषण दिले, तर पोषण मिळत असूनही रसांकुर खुजे होतात. पोटात अन्न येणे हाही आतड्याला मिळणारा एक निरोपच आहे. हे निरोप पोचवणारी जी प्रथिने असतात त्यांत वृद्धिघटकांचा वाटा मोठा आहे.

उंदराच्या पापण्यांपासून

वृद्धिघटक म्हणजे पेशीला वाढण्याचा, विभागण्याचा किंवा विशिष्ट काम सुरू करण्याचा इशारा देणारे प्रथिन. ते पेशीत शिरत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठी ग्राही नावाचे प्रथिन असते. त्याला ते चिकटते आणि आत रासायनिक घडामोडींची साखळी सुरू होते. ग्राही नसेल तर वृद्धिघटक कितीही असला तरी उपयोग नाही.

यातल्या एका प्रसिद्ध घटकाचा शोध अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांना काहीसा आडवाटेने लागला. उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिलांना टोचला, तर त्यांचे डोळे ठरलेल्या दिवसांच्या आधीच उघडत आणि दातही लवकर येत. कोहेन यांनी १९६२ मध्ये या परिणामामागचे प्रथिन वेगळे केले. पुढे त्याला ईजीएफ, म्हणजे बाह्यत्वचेचा वृद्धिघटक, हे नाव मिळाले. १९८६ चे वैद्यकाचे नोबेल कोहेन यांना आणि चेतापेशींचा वृद्धिघटक शोधणाऱ्या रीटा लेव्ही-माँतालचिनी यांना विभागून मिळाले. नावात त्वचा असली तरी ईजीएफचा मोठा कार्यभाग आतड्यात आहे. लाळेत, पित्तात आणि मातेच्या दुधात ते असते. उंदरांच्या लाळग्रंथी काढून टाकल्या तर त्यांच्या पचनमार्गातल्या जखमा भरायला वेळ लागतो.

आतड्याशी संबंध असलेले आणखी काही घटक आहेत. आयजीएफ-१ हा इन्सुलिनशी साम्य असलेला घटक. तो यकृतात तयार होतो, आतड्याच्या भिंतीतही होतो आणि चिकात भरपूर असतो. टीजीएफ-बीटा पेशींची वाढ आवरतो, त्यांना पक्व करतो आणि आतड्यातली सूज ताब्यात ठेवतो. वाढीच्या कारभारात लगाम धरणाराही लागतोच. आणि जीएलपी-२. हे काटेकोर अर्थाने संप्रेरक आहे, वृद्धिघटक नव्हे, पण ते आपले काम बरेचसे वृद्धिघटकांकरवी करून घेते.

२००९ मध्ये नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातली एकेक मूलपेशी घेऊन बशीत छोटे आतडे वाढवले. खळग्या, रसांकुरांसारखे भाग, सगळे त्यात होते. त्या पोषकद्रवात जे मोजके निरोप्ये घालावे लागले त्यांत ईजीएफ होते.

शोषण वाढते म्हणजे नेमके काय होते

पहिला परिणाम सर्वांत सरळ: वृद्धिघटकांमुळे खळग्यांतल्या पेशी जास्त विभागतात, कमी मरतात, रसांकुर उंच होतात आणि पृष्ठभाग वाढतो. याला काही दिवस लागतात.

दुसरा परिणाम पेशींच्या संख्येवर अवलंबून नसतो. कॅनडातल्या कॅलगरी इथे सशांच्या लहान आतड्यावर झालेल्या प्रयोगांत ईजीएफ लावल्यावर काही मिनिटांत ग्लुकोजचे शोषण वाढलेले दिसले. एवढ्या वेळात नवी पेशी तयार होणे शक्यच नाही. झाले असे, की पेशीच्या आत साठवून ठेवलेले पटलाचे तुकडे माथ्याकडे सरकले, सूक्ष्मरसांकुरांचा पृष्ठभाग वाढला आणि त्याबरोबर वाहक प्रथिनेही वर आली. दुकानात गिऱ्हाईक वाढले की आतल्या खोलीतली माणसे काउंटरवर येऊन बसतात, तसे.

या वाहकांत एसजीएलटी-१ हा महत्त्वाचा. तो ग्लुकोज एकटे आत घेत नाही. त्याच्या जोडीला सोडियम लागते, आणि या दोघांच्या मागोमाग पाणी जाते. मीठ-साखरेचे पाणी जुलाबात का उपयोगी पडते याचे कारण हेच. हगवण लागलेल्या वासरालाही पशुवैद्यक याच तत्त्वावर इलेक्ट्रोलाइटचे द्रावण पाजतात. पण त्यासाठी वाहक असलेल्या पेशी शाबूत हव्यात. रोटाव्हायरससारखा विषाणू रसांकुरांच्या टोकांवरच्या पक्व पेशीच मारतो, आणि खालून आलेल्या कोवळ्या पेशींना हे काम अजून जमत नसते. आतडे किती लवकर सावरते ते खळग्यांतून नवा भरणा किती वेगाने होतो यावर ठरते.

याखेरीज आतड्याच्या भिंतीतला रक्तप्रवाह वाढणे आणि पेशींमधले सांधे घट्ट होणे हेही परिणाम आहेत. सांधे सैल असले तर नको ते जंतू आणि विषारी द्रव्ये आत शिरतात.

जीएलपी-२ ची कथा एका रुग्णापासून सुरू होते. १९७१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. तिच्या मूत्रपिंडात संप्रेरक तयार करणारी गाठ होती आणि लहान आतड्यातले रसांकुर प्रमाणाबाहेर वाढलेले होते. गाठ काढल्यावर आतडे पूर्ववत होऊ लागले. गाठीतून निघणारे कोणते द्रव्य हे करत होते याचा उलगडा व्हायला पाव शतक लागले. टोरांटोच्या डॅनियल ड्रकर यांनी १९९६ मध्ये उंदरांवर दाखवले, की जीएलपी-२ दिल्याने लहान आतड्याचे अस्तर वाढते. आतड्याच्या शेवटच्या भागातल्या काही पेशी अन्न पोचल्याची चाहूल लागताच हे संप्रेरक सोडतात. त्याचे ग्राही मात्र शोषण करणाऱ्या पेशींवर जवळजवळ नसतातच. ते असतात अस्तराखालच्या पेशींवर आणि चेतातंतूंवर. तिथून आयजीएफ-१ आणि ईजीएफच्या कुटुंबातले घटक बाहेर पडतात आणि खळग्यांपर्यंत जातात. निरोप असा दोन हातांतून फिरतो.

आतड्याचा मोठा भाग कापून टाकावा लागलेल्या माणसांसाठी याच संप्रेरकाच्या धर्तीवर टेडुग्लुटाइड नावाचे इंजेक्शन तयार झाले. त्याला युरोप आणि अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. शिरेतून पोषण घ्यावे लागणाऱ्या अशा रुग्णांच्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी ६३ टक्के जणांची ही गरज निदान एक पंचमांशाने कमी झाली. निव्वळ नकली इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते.

चिकातला निरोप

आता पुन्हा गोठ्याकडे.

गाय-म्हशीच्या वारेची रचना अशी असते, की मातेच्या रक्तातली प्रतिद्रव्ये गर्भाकडे जात नाहीत. माणसाच्या बाळाला ती जन्माआधीच मिळतात. वासरू मात्र त्याबाबत रिकाम्या हाताने जन्मते. म्हणून निसर्गाने चिकात त्यांची लयलूट केली आहे. गाईच्या पहिल्या धारेच्या चिकात सुमारे १४ टक्के प्रथिने असतात, नेहमीच्या दुधात ३ टक्क्यांच्या थोडी वर. या जादा प्रथिनांत मोठा हिस्सा प्रतिद्रव्यांचा असतो. जन्मतः वासराच्या आतड्यातल्या पेशी एवढी मोठी प्रथिने सबंध गिळू शकतात. तासागणिक ही क्षमता कमी होते आणि सुमारे २४ तासांत संपते. याला ‘आतड्याचे दार मिटणे’ म्हणतात.

खरवस का गोठतो याचेही उत्तर यातच आहे. अंड्याचा पांढरा भाग जसा तापवल्यावर घट्ट होतो, तशी चिकातली प्रतिद्रव्ये आणि इतर विरघळलेली प्रथिने वाफेवर घट्ट होतात. पहिल्या दिवसाच्या चिकात बरेच साधे दूध मिसळावे लागते, नाहीतर खरवस चामट होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध कमी घालायचे. पुढे तर ते नुसतेच तापते, गोठत नाही. घरातल्या जाणत्या बायका हे प्रमाण हाताने ओळखतात. चिकातली प्रतिद्रव्ये किती उतरली याची ती स्वयंपाकघरातली चाचणीच म्हणायची.

वृद्धिघटकांचा उतारही असाच असतो, पण वासराच्या शरीराच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा. पहिल्या धारेच्या चिकात आयजीएफ-१ दर मिलिलिटरला शेकडो नॅनोग्रॅम असते. दोन-तीन दिवसांत ते बरेच उतरते, तरी नेहमीच्या दुधाच्या कित्येक पट राहते. गाईच्या चिकात टीजीएफ-बीटा आणि ईजीएफच्या कुटुंबातला बीटासेल्युलिन हेही असतात. हे घटक पोटातच पचून जात नाहीत का? मोठ्या जनावरात बहुतांशी जातील. पण नवजात वासराच्या जठरात आम्ल कमी असते, पाचकरसांचा जोर नसतो, आणि चिकात ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला रोखणारा एक घटकही असतो. त्याच्या आडोशाने प्रतिद्रव्ये आणि वृद्धिघटक दोन्ही आतड्यापर्यंत पोचतात. आतड्याचे दार मिटले तरी यात बाधा येत नाही, कारण वृद्धिघटकांना रक्तात शिरायची गरजच नाही. त्यांचे ग्राही आतड्याच्या भिंतीतच आहेत.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात युर्ग ब्लुम आणि हाराल्ड हामोन यांनी १९९० च्या दशकात आणि त्यानंतर वासरांवर या विषयाचे प्रयोग केले. काही वासरांना चीक एकदाच दिला आणि मग दूध किंवा दुधाचा पर्याय. काहींना पहिल्या सहा वेळच्या दोहनांतला चीक क्रमाने, म्हणजे सुमारे तीन दिवस. मग त्यांना झायलोज नावाची साखर पाजली. शरीर ही साखर फारशी वापरत नाही, म्हणून रक्तात ती किती आली यावरून आतड्याने किती शोषले याचा अंदाज येतो. तीन दिवस चीक प्यालेल्या वासरांच्या रक्तात झायलोज जास्त आले. अशा वासरांच्या आतड्यांची तपासणी केली तेव्हा रसांकुरही मोठे दिसले.

मग सगळे श्रेय आयजीएफ-१ ला द्यायचे का? तसेही दिसले नाही. संशोधकांनी शुद्ध आयजीएफ-१ दुधाच्या पर्यायात मिसळून पाजले तेव्हा आतड्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. चिकाचा अर्क दिला तेव्हा रसांकुर वाढले. म्हणजे एखादा घटक सुटा करून त्याची पुडी बांधता येत नाही. बरेच घटक, त्यांना जपणारी द्रव्ये आणि पोषण मिळूनच तो परिणाम होतो. या विषयावरच्या लोकप्रिय लेखनात ही बाब बहुधा गाळली जाते.

डुकरांच्या पिलांतही असेच आढळले आहे. ब्रिटिश पोषणशास्त्रज्ञ एल्सी विडोसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवले, की जन्मानंतर २४ तास आईला प्यालेल्या पिलांचे आतडे तेवढ्या वेळातच लक्षणीय वजनदार होते. नुसत्या पाण्यावर ठेवलेल्या भावंडांत तसे होत नाही.

तयारी खरे तर त्याही आधी सुरू होते. गर्भ गर्भजल गिळत असतो आणि त्यातही वृद्धिघटक असतात. मेंढीच्या गर्भाची अन्ननलिका बांधून गिळणे थांबवले तर त्याच्या आतड्याची वाढ खुंटते.

गोठ्यातला हिशेब

महाराष्ट्रातल्या पुष्कळ गोठ्यांत अजून एक समजूत आहे: गाईची वार, म्हणजे जार, पडल्याशिवाय वासराला पाजायचे नाही. जार पडायला कित्येक तास लागू शकतात. तेवढ्यात आतड्याचे दार अर्धेअधिक मिटलेले असते. उलट वासरू कासेला लागले की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटते. त्याने पान्हा फुटतो आणि गर्भाशयही आकुंचन पावते. म्हणजे पाजल्याने जार पडायला मदतच होते.

खरवसाचा प्रश्न मात्र सरसकट हो-नाहीचा नाही. तो गाईगणिक बदलतो. संकरित होल्स्टीन गाय पहिल्या दिवशी वासराला पचेल त्याहून बराच जास्त चीक देते. ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसाचा तीन लिटर चीक काढून ठेवला तरी मागे उरतो. त्यातून खरवस करणे यात वासराचे काही जात नाही. कोकण कपिला ही कोकणातली नोंदणीकृत देशी जात अंगाने लहान आणि दुधाला कमी. तिचे वासरू १५ किलोचे धरले तर त्याला पहिल्या दिवशी दीड लिटर हवा, आणि गाय त्याहून फार जास्त देईलच असे नाही. इथे शेजारीपाजारी वाटलेली प्रत्येक वाटी वासराच्या वाट्यातून येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तोच हिशेब लागू पडतो, कारण प्रतिद्रव्यांचे काम संपले तरी वृद्धिघटकांचे संपलेले नसते. शिवाय त्या चिकातली प्रतिद्रव्ये रक्तात गेली नाहीत तरी आतड्याच्या पोकळीत जंतूंना अडवत राहतात. उरलेला चीक गोठवून ठेवून पुढच्या दिवसांत वासराच्या दुधात थोडा थोडा मिसळण्याची पद्धत मोठ्या डेअऱ्यांत आहे. ती लहान गोठ्यालाही परवडण्यासारखी आहे, फ्रीज असला की झाले.

शहरातल्या तबेल्यांत चित्र वेगळे होते आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे. मुंबईला दूध पुरवायला गुजरात, हरियाणाकडून दुभत्या म्हशी आणल्या जात. तबेल्यात पारडू ठेवायला जागा नसे, आणि त्याने प्यालेले दूध हे गिऱ्हाइकाचे दूध. नर पारडू असेल तर विचारायलाच नको. १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली ती शहरातले तबेले बाहेर हलवण्यासाठी. त्या योजनेमागचे दारा खुरोडी यांना व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दूध स्वच्छ आणि नियमित मिळण्याचा प्रश्न त्यातून बराच सुटला. पारडांच्या वाट्याचा चीक हा प्रश्न दुधाच्या अर्थकारणातच अडकलेला असल्याने नुसत्या स्थलांतराने सुटण्यासारखा नव्हता.

वासरू मोठे होऊन रवंथ करू लागले की आणखी एक बदल होतो. चाऱ्यातल्या पिष्टाचे आणि साखरेचे विघटन पहिल्या पोटातच सूक्ष्मजंतू करून टाकतात, त्यामुळे आतड्यात ग्लुकोज फारसे पोचत नाही आणि एसजीएलटी-१ वाहक जवळपास नाहीसे होतात. मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांत मोठ्या मेंढीच्या आतड्यात मुद्दाम साखर सोडली तेव्हा वाहक पुन्हा तयार झाले. आतडे समोर येणाऱ्या अन्नाकडे पाहून आपली माणसे कामावर लावते. डुकरांच्या पिलांना आईपासून तोडल्यावर खाद्यात गोडी आणणारी द्रव्ये मिसळतात, त्यामागेही हेच आहे. आतड्यातल्या काही पेशींना गोडाची चव कळते. त्या जीएलपी-२ सोडतात आणि ग्लुकोजचे वाहक वाढतात.

माणसाचे बाळ

आईच्या दुधातही ईजीएफ भरपूर असते आणि पहिल्या दिवसांच्या दुधात, म्हणजे माणसाच्या चिकात, सर्वांत जास्त. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे आतडे कोवळे असते. त्यांना आईचे दूध मिळाले तर आतड्याचा भाग सडण्याचा एक गंभीर आजार कमी प्रमाणात होतो. म्हणूनच ज्या आईला दूध येत नाही तिच्या बाळासाठी दुसऱ्या मातेचे दूध हा पावडरीपेक्षा चांगला पर्याय मानतात. मुंबईत शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातली पहिली मानली जाते.

पेढीतले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून निर्जंतुक करतात. यात दुधातल्या जिवंत पेशी मरतात आणि चरबी पचवणारे द्रव्य निकामी होते. काही प्रतिद्रव्येही जातात. ईजीएफ आणि टीजीएफ-बीटा मात्र बव्हंशी टिकून राहतात. ताज्या दुधाची बरोबरी होत नाही, पण हाती जे राहते ते पावडरीच्या दुधात नसतेच.

काही गैरसमज

खरवस खाल्ल्याने माणसाला चिकातली प्रतिकारशक्ती मिळते, असे बरेचदा ऐकू येते. वाफवताना प्रतिद्रव्ये गोठतात, आणि मोठ्या माणसाच्या जठरातले आम्ल व पाचकरस उरलेल्या प्रथिनांचे तुकडे करतात. खरवस हा प्रथिनांनी भरलेला, चवदार पदार्थ आहे. तो तेवढ्यासाठी खावा. चिकाची भुकटी कॅप्सूलमध्ये भरून विकली जाते, तिचा प्रश्न थोडा निराळा. ती फार तापवलेली नसते आणि वेदनाशामक गोळ्यांनी आतड्याला होणारी इजा चिकामुळे कमी होते का यावर माणसांतही काही छोटे अभ्यास झाले आहेत. पण निरोगी माणसाचे अन्नशोषण त्याने सुधारते असे म्हणायला तेवढा आधार पुरत नाही. आणि भुकटीचा कच्चा माल कुठल्यातरी गोठ्यातून येतो, तिथेही वासरू असतेच.

कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते ‘ग्रोथ प्रमोटर’ आणि वृद्धिघटक यांची गल्लत होते. प्रमोटर म्हणून वापरली जाणारी द्रव्ये बहुधा प्रतिजैविके असतात. ती आतड्यातल्या जंतूंवर परिणाम करतात, पेशींच्या ग्राहींवर नाही. यातल्या कोलिस्टिनचा पशुखाद्यातला वापर भारत सरकारने २०१९ मध्ये बंद केला, कारण माणसाच्या गंभीर संसर्गात ते राखीव औषध आहे. म्हशीला पान्हा सोडण्यासाठी टोचतात ते ऑक्सिटोसिनही वृद्धिघटक नव्हे.

वाढीचा निरोप जास्त झाला तर काय, हा प्रश्न उरतो. ईजीएफचा ग्राही सतत चालू राहणे हे काही कर्करोगांचे लक्षण आहे, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरची काही औषधे नेमका तोच ग्राही बंद करतात. त्यामुळे टेडुग्लुटाइड सुरू करण्यापूर्वी रुग्णाच्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करतात, गाठी आढळल्या तर काढतात, आणि पचनमार्गाचा कर्करोग असलेल्याला हे औषध देत नाहीत. वासराच्या बाबतीत हा प्रश्न उभा राहत नाही. चिकातले वृद्धिघटक तीन-चार दिवसांत आपोआप उतरतात, आणि नंतरच्या दुधात नावापुरतेच राहतात.